तीन बोटं आकाश

"कड तिथे संपत नाही, सर."

"संपते. एकोणतीस वर्षं तिथेच संपत आली आहे."

"जुन्या चित्रात संपते. हे नवं बघा ना. इथे, इथे, आणि खालचा हा सगळा पट्टा. हा उजेड कुणाचा मग?"

"आकाशाचा."

"आकाशाचा उजेड असा कडेकडेने विरळ होत जातो?"

"बाई, तुम्ही मला आकाश शिकवणार?"

"मी कशाला शिकवू. मी नुसतं विचारतेय."

"विचारत नाही आहात. भांडताय."

"बरं, भांडतेय. पण चष्मा लावून तरी भांडा. तो कपाळावर आहे तुमच्या."

सरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पडद्याकडे क्षणभर पाहिल्यासारखं केलं आणि परत कपाळावर सारला. वय बहात्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज साडेनऊच्या ठोक्याला हजर. संस्थेने त्यांना जिन्याखालची ही खोली दिली होती. दोन टेबलं, एक कपाट, आणि छत असं उतरतं की उंच माणसाला फक्त दारापाशीच ताठ उभं राहता यावं. सर उंच होते, म्हणून ते बसून भांडत.

"सोमवारी लेख जातोय," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस समूह, एक रेघ, एका माणसाचं अख्खं आयुष्य. आणि लेखावर पहिलं नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मग? अशा वेळी माणूस घरी जाऊन आरशात बघतो. तुम्ही एक्केचाळीस नंबर उकरून बसलात."

"एकट्या एक्केचाळीसची कड चुकली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण सर..."

"झालं तर. एक ठिपका रेघेवरून जरा वर सरकेल. सरकू दे. तेवढ्याने रेघ मोडत नाही."

ती उठली. सरांशी भांडण झालं की ती उठून जायची आणि दुसऱ्या दिवशी सर चहाचा पेला पुढे सारत म्हणायचे, "हं, काल काय म्हणत होतात?" भांडणं मिटवायची त्यांची तेवढीच रीत होती. तिने पडदा विझवला, मानेचा पट्टा काढून पिशवीत टाकला आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडली.

संस्थेत तिला सगळे वर्तुळताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण नव्या मुलांना ते ठाऊक नव्हतं आणि जुन्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. ती वर्तुळं काढायची, म्हणून वर्तुळताई. इतका सरळ हिशेब.

इथे ती तीन महिन्यांसाठी आली होती. वय एकतीस, गणिताची पदवी, आणि बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंची जागा. त्या बाई परत आल्या नाहीत आणि तीन महिने काही संपले नाहीत. पहिल्या दिवशी सरांनी तिला एका जाडजूड काचेच्या पडद्यासमोर बसवलं. काळ्यावर पांढरे ठिपके होते, कुणीतरी पिठाचा हात झटकावा तसे.

"काय दिसतंय?"

"ठिपके."

"कुठे दाट आहेत?"

"मधे."

"आणि दाट कुठे संपतात?"

तिने बोट ठेवलं. सरांनी मागे उभ्या असलेल्या मुलांकडे बघितलं. "बघा. तुम्हाला हे करायला आठवडा लागतो."

त्या दिवशी तिला वाटलं, आपल्याला काहीतरी येतं. असं वाटण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं म्हणा ना.

एकेक ठिपका म्हणजे एकेक क्ष-किरण, आणि ते येत ते दीर्घिकांच्या समूहांमधून. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा पन्नास, शंभर, हजार दीर्घिका एकत्र राहतात तो समूह. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोट्यवधी अंशांचा वायू भरलेला असतो आणि तो क्ष-किरणांत उजळतो. वर्तुळताईचं काम असं: समूहाभोवती वर्तुळ काढायचं, आत घुसलेले परक्या ताऱ्यांचे ठिपके छोटी छोटी वर्तुळं करून खुडून टाकायचे, मग उरलेल्या उजेडावरून वायूचं तापमान आणि वजन काढायचं.

कशासाठी, हे तिने नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावलं होतं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. गुरुत्वाकर्षणाशी त्याचा रोजचाच संबंध.

"असं समज," ती म्हणाली होती, "समोरच्या घरात माणसं दोनच दिसतात, पण दोरीवर कपडे सहा जणांचे वाळतात. आता एक म्हणतो, घरात आणखी चार माणसं आहेत, ती आपल्याला दिसत नाहीत. दुसरा म्हणतो, कुणी लपलेलं नाही, ही दोघंच दिवसातून तीनदा कपडे बदलतात."

"तुझे सर कुठले?"

"तीनदा बदलतातवाले."

"आणि बाकीचं जग?"

"चार माणसंवाले."

"चार माणसं कुणी पाहिली?"

"कुणीच नाही."

"मग तुझे सरच बरोबर," नवरा म्हणाला होता आणि कूस बदलून झोपला होता.

संस्थेतही दोन तट होते. अदृश्यवाले आणि नियमवाले. अदृश्यवाल्यांचं म्हणणं, दीर्घिकांना बांधून ठेवायला दिसणारं वस्तुमान पुरत नाही, तर न दिसणारं कृष्णद्रव्य असणारच. नियमवाल्यांचं म्हणणं, जास्तीचं काही नाही, जिथे ओढ फार क्षीण होते तिथे गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा चालतो. अदृश्यवाल्यांना नवी इमारत मिळाली, तीन मजले आणि काचेचा जिना. नियमवाले एके काळी अकरा जण होते. एक परदेशी गेला, दोघं पलीकडच्या इमारतीत गेले, एकाने शिकवणी काढली. असं करत करत सर आणि ती उरली. शिवाय कपाट.

समूह ही सरांची दुखरी जागा होती. त्यांचा नियम एकेकट्या दीर्घिकेला झकास लागू पडे, पण समूहांत तो लावूनही वस्तुमान कमीच पडायचं, जवळजवळ निम्मं. अदृश्यवाले त्यावरून टोचत. सरांचा आधार होता एकच: रेघ. समूह दुप्पट तापलेला असेल तर त्यातला वायू किती पट जड भरतो? कृष्णद्रव्याच्या साध्या हिशेबाने पावणेतीनपटीच्या थोडं वर. सरांच्या हिशेबाने चौपट. आणि वर्तुळताईच्या मोजणीत, अठ्ठेचाळीस समूह कागदावर मांडून त्यांतून रेघ ओढली की उत्तर यायचं चौपट. दर वेळी. अदृश्यवाले म्हणत, लहान समूहांतला वायू मधल्या स्फोटांनी बाहेर फेकला जातो, म्हणून ते हलके भरतात. सर म्हणत, "वा. आधी द्रव्य लपवलं, आता वायू पळवला."

एकतीस लेख निघाले त्या रेघेवर. प्रत्येकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असायची, मोजमापांसाठी आभार, आणि तिचं नाव. एकदा तर नाव छापायचंच राहिलं, आभार तेवढे कुणाचे तरी होते. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार होती. म्हणून मार्चमध्ये सर म्हणाले, "या शेवटच्या लेखावर पहिलं नाव तुमचं घालू." ती घरी गेली आणि कुणालाच काही न सांगता तासभर भांडी घासत बसली. घासलेलीसुद्धा.

लेखासाठी चित्रं नवी हवीत म्हणून तिने एका नव्या, रुंद डोळ्याच्या दुर्बिणीची चित्रं उतरवून घेतली. त्या दुर्बिणीला एका नजरेत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आकाश दिसे. आणि तिथेच एक्केचाळीस नंबरच्या कडेबाहेर तिला तो उजेड दिसला.

*

त्या गुरुवारी ती घरी पोचली तेव्हा नवरा दिवाणखान्याच्या दारातली कडी बसवत होता आणि आई खिडकीपाशी बसून एका जुन्या झग्याची शिवण उसवत होती. आई चौऱ्याऐंशीची. चाळीस वर्षं तिने शिवणकाम केलं. आता डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, शिवता येत नव्हतं, पण हात रिकामे राहायला तयार नव्हते. म्हणून उसवायची. लेक घरातले जुने कपडे तिला आणून द्यायची.

"तोंड का उतरलंय?" नवऱ्याने विचारलं.

"सरांशी वाजलं."

"ते रोजचंच आहे. आज कुणी काय पळवलं?"

"कुणी नाही. मीच काहीतरी सोडलंय बाहेर."

"म्हणजे?"

तिने चप्पल काढली आणि जमिनीवरच बसली. "हे बघ. समूहाचा उजेड मोजायचा तर आधी आकाशाचा उजेड वजा करावा लागतो. रिकाम्या आकाशालाही थोडी चमक असतेच. म्हणून समूहाच्या कडेबाहेरचा आकाशाचा एक तुकडा घ्यायचा, तो किती चमकतो बघायचं, आणि तेवढं सगळीकडून काढून टाकायचं."

"तराजू शून्यावर आणायचा."

"बरोबर. आता तो तुकडा कुठून घ्यायचा? फार जवळ घेतला तर त्यात समूहाचाच उजेड यायचा. म्हणून मी पहिल्या वर्षीच ठरवलं, समूह पडद्यात नीट मावेल इतका करायचा, उजेड जिथे संपतो तिथे बोट ठेवायचं, तिथून तीन बोटं सोडायची, आणि मग तुकडा घ्यायचा. सरांना आवडलं ते. पुढे पोरांनी प्रोग्राम लिहिला, त्यातही तेच घातलं. अजून त्या आकड्याचं नाव 'बोटं' असंच आहे."

"तीनच का?"

"आईचं आहे ते," ती म्हणाली. "माया तीन बोटं सोडायची. आईच शिकवायची ना, शिवणीच्या आत कापड राखून ठेवायचं म्हणून."

आईने मान वर केली. "कुणाला सोडली तीन बोटं?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना?" आईने हातातला झगा मांडीवर ठेवला. "अगं, तीन बोटं मी तुझ्या फ्रॉकला सोडायची. तू वाढत होतीस म्हणून. सगळ्यांना तीन बोटं कोण सोडतं? कापड बघून माया सोडायची. सुटणारं कापड असलं तर चार बोटंही कमी पडतात."

"पण तू तर म्हणायचीस..."

"मी तुला फ्रॉक शिकवला होता. तुला वाटलं, शिवणकाम आलं."

नवरा हसला. "सासूबाई, तुम्ही संस्थेत जायला हवं होतं."

"मला नको बाई. तिथे वाकून चालावं लागतं म्हणतात."

वर्तुळताई हसली नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताच्या तीन बोटांकडे बघत होती. मोठे समूह भरपूर उजळतात, त्यांची कड लांबपर्यंत दिसते, तिथून तीन बोटं पुढे खरंच रिकामं आकाश असतं. पण लहान समूह विरळ. त्यांचा फक्त मधला गाभा डोळ्याला दिसतो. ती तो गाभा पडद्यात नीट मावेल इतका मोठा करायची, त्यालाच समूह म्हणायची आणि त्याच्यापुढे तीन बोटं सोडायची. त्या तीन बोटांनंतरही समूह संपलेला नसायचा. आकाश समजून तिने त्याच्याच अंगाचा तुकडा उचलला होता आणि त्याच्यातूनच वजा केला होता. तराजूच्या पारड्यात धान्य असताना काटा शून्यावर आणला होता. मग लहान समूह हलके भरणारच. मग रेघ चौपट येणारच.

एकट्या एक्केचाळीसची गोष्ट नव्हती ती. लहान जेवढे होते तेवढ्या सगळ्यांची होती.

"जेवायला वाढू?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही बसा. मला भूक नाही."

*

शुक्रवारी सर आले नाहीत. सर्दी झाल्याचा निरोप होता. वर्तुळताईला तो निरोप एका अर्थी बरा वाटला. तिने बाविसावा समूह उघडला आणि आकाशाचा तुकडा तीन बोटांऐवजी दूर, पार चित्राच्या कोपऱ्यातून उचलला. वजाबाकी केली. वायू दीडपट निघाला. मग तेविसावा. मग सव्वीस, एकोणतीस, तीस.

शनिवारी संस्थेत पहारेकऱ्याशिवाय कुणी नसतं. "ताई, आज काय काढलंत?" त्याने विचारलं.

"आवरतेय. निवृत्तीची वेळ आली."

"चांगलंय. माणसाने आपल्या हाताने आवरून जावं."

रविवारपर्यंत सगळे बावीस लहान समूह झाले. बाविसांतल्या एकाचंही वजन घटलं नाही, काहींचं जवळजवळ दुप्पट झालं. मोठे होते तिथेच राहिले. रविवारी दुपारी चार वाजता तिने नवे ठिपके मांडले आणि त्यांतून रेघ ओढली. रेघेचा चढ कमी झाला होता. पाहणाऱ्या कुणालाही फरक जेमतेम चार अंगुळं वाटला असता. चौपटीचं तीनपट झालं होतं. वायू कुणी पळवला नव्हता. तो तिच्या वर्तुळाबाहेर जाऊन बसला होता आणि ती त्याला आकाश म्हणत होती.

तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. आपण चुकलोय हे तपासताना आपणच चुकलो असू अशी आशा माणूस किती चिवटपणे धरतो. तीन पूर्णांक एक. तीन पूर्णांक शून्य. तीन पूर्णांक एक.

सोमवारी सकाळी ती काचेच्या जिन्याने अदृश्यवाल्यांकडे गेली. एकोणतीस वर्षांत ती त्या इमारतीत फार तर दहा वेळा गेली असेल, त्यातल्या निम्म्या वेळा वाढदिवसाच्या केकसाठी. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण शास्त्रज्ञ बसायचा, वागायला सौम्य, दाढीवाला. विद्यार्थी असताना तो दोन महिने तिच्याकडे वर्तुळं काढायला शिकला होता.

"ताई, तुम्ही? बसा ना. कॉफी?"

"कॉफी नको. एक बघून सांग." तिने कागद पुढे ठेवला. "माझं आकाश चुकलं होतं. लहान समूहांचं. फार जवळून घेत होते. बरोबर वाटतंय का तुला हे?"

त्याने कागद घेतला. नको तितका वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याला वाचायचं काहीच नाही, तो फक्त वर कधी बघायचं ते ठरवतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"लगेच कसं कळलं?"

"ताई..." त्याने कपाचा कान उजवीकडून डावीकडे केला. "आम्ही तुमचे लहान समूह वापरत नाही."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून तरी नाही. मोठे घेतो. ते फार सुंदर मोजलेत तुम्ही, खरंच. पण लहान... म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. पोरं गंमत पण करतात, बोटं मोजतात म्हणून."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"या इमारतीत सगळ्यांना."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. सर तसंच करा म्हणत असतील आणि तुम्ही करत असाल."

तिला हसू आलं, ते मान्य करायला हवं. इतकी वर्षं या लोकांनी तिला मूर्ख समजलं नव्हतं. लबाड समजलं होतं. दोन्हींत कुठलं बरं, ते तिला ठरवता येईना.

"सरांना माहीत आहे?" तिने विचारलं.

दाढीवाल्याने कागद नीट घडी करून तिला परत दिला. "ते तुम्ही सरांनाच विचारा, ताई."

*

सर खोलीत होते. सर्दी नव्हती. चहाचे दोन पेले टेबलावर होते, एक तिच्या बाजूला सारलेला.

"हं, गुरुवारी काय म्हणत होतात?" सर म्हणाले.

तिने पेल्याला हात लावला नाही. बावीस समूहांचे आकडे आणि नवी रेघ त्यांच्यापुढे ठेवली. या वेळी त्यांना चष्म्याची आठवण करून द्यावी लागली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पानं एकामागून एक उलटली. शेवटच्या पानावरचा तीन पूर्णांक एक त्यांनी नखाने खरवडून पाहिला, शाईचा डाग असावा तसा.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले.

"लेख आज जाऊ नये, सर."

"लेख गेला."

"आज सकाळीच?"

"गुरुवारीच. तुम्ही गेल्यावर."

जिन्यावरून कुणीतरी धडधडत उतरलं. खोलीच्या छतातून प्रत्येक पायरी ऐकू यायची.

"परत मागवता येतो," ती म्हणाली. "दोन ओळींचं पत्र लागतं. तुमच्या सहीचं."

"येतो मागवता."

"मग मागवा."

"आणि काय लिहू? आमची रेघ आमच्याच बोटांची होती?"

"हो. तसंच लिहा. माझ्या बोटांची होती म्हणा. मी सही करते खाली."

"बाई, समजून घ्या. हा लेख कुणी वाचणार नाही. एकतीस वाचले नाहीत, बत्तिसावा कोण वाचतंय? एका मासिकात छापून येईल, कपाटात जाईल. तुम्हाला एक पहिलं नाव मिळेल, मला एक शेवट मिळेल. यात कुणाचं काय बिघडतं?"

"मोजणी खोटी आहे, सर."

"जुनी आहे. खोटी नाही."

"गुरुवारपर्यंत जुनी होती. आता मला माहीत आहे, म्हणून खोटी आहे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटत राहिलं. "तुम्हाला कधी कळलं?"

सर पेल्यातल्या चहावर आलेली साय काडीने बाजूला करत राहिले.

"अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "एका लेखाच्या परीक्षकाचं पत्र आलं होतं. नाव नसतं त्या पत्रावर. त्याने विचारलं होतं, लहान समूहांसाठी आकाश किती अंतरावरून घेता? एकच प्रश्न होता. मी बसून हिशेब केला. एक समूह केला, दुसरा केला. तिसरा नाही केला."

"आणि उत्तर काय दिलंत?"

"की मोजणी अनुभवी हातांनी केली आहे."

"माझ्या."

"तुमच्या."

"मला ते पत्र दाखवलं नाहीत."

"तुम्ही सगळं परत मोजायला बसला असतात."

"बसलेच असते."

"म्हणून."

तिने खोलीभर नजर फिरवली. जुना पडदा कधीच मोडीत गेला होता, पण भिंतीवर त्याच्या मागच्या धगीचा चौकोनी डाग अजून होता. त्या अकरा वर्षांत तिच्या मानेला पट्टा लागला होता. त्या अकरा वर्षांत ती रोज सकाळी इथे वाकून आत आली होती, डोळ्यांत तेल घालून परक्या ताऱ्यांचे ठिपके खुडत बसली होती, एकही राहू नये म्हणून काही समूह चार चारदा केले होते, आणि समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं की त्या सगळ्यातून जे वजा होतंय तेच चुकलं आहे. दुपारी तो तिला विचारायचा, आज किती झाले? ती सांगायची, दोन. तो म्हणायचा, छान.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"एकतीस लेखांवर पहिलं नाव तुमचं होतं. चांगल्या दिवसांत तुमचं होतं. अकरा वर्षांपूर्वी कळल्यावरही तुमचंच होतं. मग याच लेखावर का बदललं?"

"तुम्ही निवृत्त होताय म्हणून."

"ते मार्चमध्ये सांगितलंत. मी आता विचारतेय." तिने कागद गोळा केले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. "नव्या दुर्बिणीची चित्रं सगळ्यांसाठी उघडी आहेत. आज ना उद्या कुणीतरी पोर हेच करणार, जे मी तीन दिवसांत केलं. तेव्हा लेखावर ज्याचं नाव पहिलं असेल, त्याला विचारतील. आणि ती बाई तर मोजणारीच होती, बोटं तिचीच होती, प्रोग्रामातसुद्धा तसंच लिहिलंय. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. म्हणून घातलंत का माझं नाव?"

सरांनी काडी बशीत ठेवली. चष्मा काढला, मिटला, आणि या वेळी कपाळावर न सारता वरच्या खिशात टाकला. टेबलाला हात टेकून ते उठले, उतरत्या छताखाली मान वाकवून दारापर्यंत आले, तिथे ताठ उभे राहिले. तिला वाटलं, आता बोलतील. कपाटाच्या मुठीला अडकवलेली पिशवी त्यांनी खांद्याला लावली, दाराची कडी काढली आणि बाहेर पडले.